जुन्या मारुती ८०० ला टर्बो: आधी काय, मग काय

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये केलं. त्याच वर्षी पंपापंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि जुन्या गाड्यांचे मालक धास्तावले. अशात मोबाईलवर भलतेच व्हिडिओ फिरतायत. पत्र्याच्या शेडमध्ये उभी मारुती ८००, बॉनेटखालून येणारी टर्बोची शिट्टी आणि खाली एकच प्रश्न: आमच्या गाडीलाही बसेल का?

बसेल. पण घरच्या कामात या इंजिनाला ०.३ बारपेक्षा जास्त दाब देऊ नये (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका). त्यातून ३७ हॉर्सपॉवरची ४५च्या आसपास होते. व्हिडिओत सांगतात तशी शंभर होत नाही. शिवाय अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही, त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे. एवढं मान्य असेल तर काम करण्यासारखं आहे. टर्बो बोल्टने आवळणं हा त्यातला सोपा भाग. खरा कस लागतो तो उष्णता सांभाळताना, आणि परभणी-नांदेडच्या मे महिन्यात ती आधीच अंगावर आलेली असते.

टर्बो नेमकं करतो काय

इंजिनात जितकी हवा जाते तितकंच पेट्रोल जळू शकतं. ८०० च्या तीन सिलिंडरांची जागा मिळून ७९६ सीसी. इंजिनाचे दोन फेरे झाले की जास्तीत जास्त तेवढीच हवा आत येणार, आणि ताकदीची मर्यादा तिथेच ठरते. टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक पंखा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो.

वातावरणाच्या दाबावर जो जास्तीचा दाब मिळतो त्याला बूस्ट म्हणतात. ०.३ बार म्हणजे साडेचार पीएसआय. ऐकायला फारच किरकोळ वाटतं.

लोहाराच्या भात्याचं गणित इथेही लागू पडतं. वारा वाढवला तर कोळसाही वाढवावा लागतो, आणि दोन्ही वाढले की भट्टीत ठेवलेला फाळ वितळायची भीती असते. इंजिनात कोळशाच्या जागी पेट्रोल आणि फाळाच्या जागी पिस्टन.

पिस्टन बहुतेक वेळा जातो तो नॉकिंगने. प्लगची ठिणगी पडल्यावर जाळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायला हवा. दाब आणि तापमान हद्दीबाहेर गेलं की जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. त्याचा धक्का पिस्टनच्या डोक्यावर आणि रिंगांच्या मधल्या पातळ कडांवर बसतो. ८०० चे पिस्टन ओतीव ॲल्युमिनियमचे आहेत. त्यांची कड तुटायला काही सेकंदांचं जोरदार नॉकिंग पुरतं.

८०० च का? पद्मिनी का नको?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्यामुळे सुटे भाग अजून तालुक्याच्या गावातही मिळतात. इंजिन साधं आहे: ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, पट्ट्यावर चालणारा एक कॅमशाफ्ट, आणि तीन सिलिंडरांना चार मेन बेअरिंगांचा आधार. याच घराण्यातल्या ५४३ सीसीच्या इंजिनाला सुझुकीने १९८७ मध्ये जपानच्या अल्टो वर्क्समध्ये टर्बो लावून ६४ पीएस (जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर) काढली होती. व्हिडिओवाले हा दाखला हमखास देतात. त्या गाडीचं हेड चार व्हॉल्व्हचं आणि दोन कॅमचं होतं, सगळं इंजिन कारखान्यात त्या दाबासाठी आखलेलं होतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन कमी कॉम्प्रेशनचं, म्हणजे पिस्टन मिश्रण कमी दाबतो, म्हणून कागदावर टर्बोला बरं दिसतं. पण चार सिलिंडरांना मेन बेअरिंग तीनच, आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. तिला मूळ रूपात ठेवणंच शहाणपणाचं.

गाडी आधी उभी करा

टर्बो विकत घ्यायच्या आधी कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, पेट्रोल आणि इग्निशन बंद करा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सहा-सात फेरे स्टार्टर मारा. चांगल्या इंजिनाला साधारण १२ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) किंवा त्याहून थोडं जास्त मिळतं. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: तीन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर थांबा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर गेलेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

रिबोअर करायची, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करायची वेळ आली तर लेथवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. वरच्या रिंगेच्या दोन टोकांमधली फट ०.३० ते ०.३५ मिमी ठेवायची, फीलर गेजने बोअरमध्ये मोजून. नेहमीच्या कामात ती याहून कमी ठेवतात आणि ते चालतं. बूस्टखाली मात्र रिंग जास्त तापते, फुगते, टोकाला टोक भिडतं आणि पिस्टनची कडच उपटून निघते. हेड ब्लॉकवर सरळपट्टी ठेवून तपासा आणि फेसिंग लागलंच तर कमीत कमी घ्या, कारण जितकं घासाल तितकं कॉम्प्रेशन वाढेल. टायमिंगचा पट्टा किती जुना हे माहीत नसेल तर टेन्शनरसकट बदलून टाका.

मराठवाड्यातल्या गाडीचा पत्रा कोकणातल्या गाडीपेक्षा बरा निघतो. तरी बॅटरीखालचा ट्रे, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून तिथला पत्रा, दारांखालच्या सिल आणि पुढच्या स्ट्रटचे बुरूज (पुढचे शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बसतात तो पत्रा) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीखाली गंज किंवा भोक लपलेलं असतं. हा पत्रा पाऊण-एक मिमीचा. आर्क वेल्डिंगने भोक मोठं होईल. ०.८ मिमी तारेचं सीओटू वेल्डिंग वापरा, सलग न ओढता इंच-इंच अंतरावर टाके घाला, आणि बॅटरीची तार आधी काढा. गाडीखाली जाताना जॅकवर भिस्त नको, दोन्ही बाजूंना स्टँड हवेतच. पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करू नका. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि तीच फुटते. वायरिंगही उलगडून बघा. बरेच दिवस उभ्या गाडीत उंदीर हार्नेस कुरतडतात, आणि अर्धवट तुटलेली इंजेक्टरची तार बूस्टवर एक सिलिंडर कोरडं ठेवते.

आता रेडिएटर. आपल्याकडे वर्षानुवर्षं त्यात बोअरचं जड पाणी ओतलेलं असतं. झाकण उघडून बोट फिरवलं की पांढरा किंवा तांबूस थर हाताला लागतो. हाच थर ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांमध्ये आणि हेडमध्ये व्हॉल्व्हच्या भोवतीही असतो. गेजवर तापमान ठीक दिसतं आणि तिसऱ्या सिलिंडरजवळचं हेड मात्र भाजत असतं. रेडिएटर उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळ्या फिरवून सफाई, करून घ्या किंवा नवा टाका. ब्लॉक सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने धुवा, मग साध्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने. कूलंट ३० टक्के आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर पुरे. आपल्याकडे पाणी गोठत नाही आणि पाण्याचा वाटा जास्त असला की उष्णता जास्त वाहून जाते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकलेली इंजिनं इथे जागोजागी दिसतील. तो परत बसवा. तो नसला तर सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, रिंगा आणि बोअर झिजतात, आणि रेडिएटर तुंबल्याचा मूळ दोष तसाच राहतो. पंख्याचा थर्मोस्विच चालतो का, झाकणाचा स्प्रिंग दाब धरतो का, हेही बघून घ्या.

ई-२० चं काय करायचं

लातूर, बीड, धाराशिवच्या कारखान्यांतून निघणारं इथेनॉलच आता टाकीत येतंय, तर त्याला घाबरून उपयोग नाही. टर्बोसाठी ते काही अंशी चांगलंच आहे: ई-२० चा ऑक्टेन ९५, म्हणजे नॉकिंग उशिरा होतं, आणि इथेनॉलची वाफ होताना ते आतली हवा थंड करतं.

अडचणी दोन. जुने रबर त्यात फुगून मऊ पडतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे होज इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुओरो-रबर अस्तराचे टाका. पाइपवर जे-३० आर-९ असा शिक्का असतो. पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरचं पॅकिंग किटही नवं घ्या. दुसरी अडचण मिश्रणाची. साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. कार्ब्युरेटर हवेच्या मानाने पूर्वीइतकंच इंधन देतो, म्हणून मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ पडतं. मेन जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं मुख्य भोक, व्यासाने चार-पाच टक्के मोठा केला की भरपाई होते, म्हणजे १०० चा असेल तर १०५ चा. महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत हवेतली वाफ शिरते, इथेनॉल ती शोषतं आणि तळाशी पाणी बसतं.

उन्हाळ्याचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. त्यावर ०.३ बार बूस्ट म्हणजे एकूण १.२५, म्हणजे १.३२ पट. वाटतं की हवा ३२ टक्क्यांनी वाढली. पण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ असते.

बाहेर ४३ अंश धरा. लहान टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ही हवा टर्बोतून ८३ अंशांवर बाहेर पडते. हातात प्रत्यक्ष पडते ती १७ टक्केच जास्त हवा, आणि तीही नॉकिंगला निमंत्रण देणारी. मध्ये इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर, बसवला आणि त्याने वाढलेल्या तापमानातलं ६० टक्के काढून घेतलं, तर हवा ५९ अंशांवर येते आणि वाढ २५ टक्क्यांवर जाते. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १२ अंश असताना मात्र इंटरकूलर नसला तरी हवा ४८ अंशांच्या पुढे जात नाही.

जानेवारीत बिनबोभाट चाललेली सेटिंग मे महिन्यात पिस्टन का फोडते, ते या दोन आकड्यांत आहे. आपल्याकडे सेटिंग उन्हाळ्यात, दुपारी करावी. थंडीत ती थोडी सुस्त वाटेल, वाटू द्या. इंटरकूलरशिवायचं काम मराठवाड्यात हाती घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

इंटरकूलर एखाद्या लहान डिझेल गाडीचा चालतो. तो रेडिएटरपुढे खालच्या अर्ध्या भागात बसवा, सगळा रेडिएटर झाकू नका. फिल्टरला हवा बॉनेटखालून न घेता ग्रिलमागून घ्या, कारण बॉनेटखाली ६०-७० अंश सहज असतात. फिल्टर कंपनीच्या डब्यातला कागदीच राहू द्या. उघडे शंकूसारखे फिल्टर दिसायला छान, पण आपल्या फुफाट्यात त्यांतून येणारी बारीक धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा वर्षभरात खाऊन टाकते.

कोणता टर्बो

हे इंजिन ५००० आरपीएमवर आणि ०.३ बारवर मिनिटाला साधारण दोन किलो हवा पिईल. हे फारच थोडं आहे. स्विफ्टच्या १२४८ सीसी डिझेलचा टर्बो भंगारात सहज मिळतो, पण तो या कामाला मोठा, दाब तीन-साडेतीन हजारांच्या पुढे कुठेतरी येईल. सेलेरियोचं ७९३ सीसीचं दोन सिलिंडरांचं डिझेल किंवा शेव्हरोले बीटचं ९३६ सीसीचं डिझेल, यांचे टर्बो मापाने जवळ जातात. पाती हलणारा, व्हेरिएबल प्रकारचा टर्बो नको. पेट्रोलचा धूर ९०० अंशांच्या घरात जातो आणि डिझेलसाठी केलेली ती नाजूक यंत्रणा तिथे अडकते.

जुना टर्बो घेताना कंप्रेसरचं तोंड उघडून दांडा बोटांत धरा. बाजूला अगदी किंचित हलला तर चालेल, पण पातं घराला घासता कामा नये. पुढे-मागे हालचाल हाताला जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग गेलं आहे. घराच्या आत तेलाची ओल आणि पात्यांवर टवके, दोन्ही बघा.

आता बहुतेक इंजिनं जिथे मरतात ती जागा. धूर टर्बोला वळसा घालून सोडून देणाऱ्या झडपेला वेस्टगेट म्हणतात. ती किती दाबावर उघडायची हे तिच्या डबीतली स्प्रिंग ठरवते. डिझेलच्या टर्बोची ही डबी एक बारच्या आसपास किंवा त्याहून वर लावलेली असते. टर्बो आणला, तसाच बसवला, तर ०.३ च्या जागी तिप्पट बूस्ट मिळतो. बसवायच्या आधी सायकलचा पंप आणि दाबाचं गेज डबीच्या नळीला जोडा आणि दांडी कितीला हलायला लागते ते बघा. ०.२५ ते ०.३ वर हलली पाहिजे. नाही तर मऊ स्प्रिंगची डबी शोधा. शिवाय दाब ०.४५ बार झाला की पेट्रोल बंद करणारी सोय ठेवाच.

मॅनिफोल्डसाठी, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या जोडकामासाठी, १० मिमी जाडीचे फ्लँज (बोल्टने आवळायच्या पट्ट्या) वाळूजला लेझर कटिंगची जॉब वर्क करणाऱ्यांकडे कापून मिळतात, जालन्या-लातूरकडेही फॅब्रिकेशनवाले आहेत. सव्वा इंच व्यासाचे, जाड भिंतीचे स्टीलचे बेंड वापरा. सायलेन्सरचा पातळ पाइप लाल होऊन चिरतो. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळू देऊ नका, ब्लॉकपासून आधार द्या. वेल्डिंगनंतर फ्लँजचं तोंड लेथवर पुन्हा सपाट करून घ्या, ते वाकलेलंच असतं.

कार्ब्युरेटर की एमपीएफआय

कार्ब्युरेटरवर टर्बो चालतो, पण सगळी दुखणी सोबत घेऊन. दाबलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये सोडायची तर फ्लोटच्या कुंडीलाही तोच दाब द्यावा लागतो, नाही तर पेट्रोल जेटमधून वर येतच नाही. पंपाचा दाब बूस्टपेक्षा सतत वर राहायला हवा. मूळ यांत्रिक पंप पुरत नाही, म्हणून इलेक्ट्रिक पंप आणि बूस्टबरोबर दाब वाढवणारा रेग्युलेटर लागतो. थ्रॉटलच्या दांड्याच्या झिजलेल्या भोकातून पेट्रोलमिश्रित हवा तापलेल्या मॅनिफोल्डवर फवारली जाते, तो आगीचाच प्रकार. कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी ठेवला तर हे टळतं, पण इंटरकूलर लावता येत नाही. म्हणजे आपल्या कामाचा नाही.

२००० च्या सुमारास ८०० ला एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, आला. तीच गाडी किंवा तिचं सामान घ्या. मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, बूस्ट कळत नाही, त्याचा दाब सेन्सर वातावरणाच्या दाबापाशी संपतो. म्हणून वेगळा, प्रोग्राम करता येणारा ईसीयू आणि दोन-अडीच बारपर्यंत दाब मोजणारा मॅप सेन्सर लागतो. इंजेक्टर मिनिटाला १२५ ते १५० सीसीचे पुरतात. उगीच मोठे घातले तर आयडलला गाडी भकभक करते.

मिश्रण मोजायला वाइडबँड सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, हवाच. वाचन लॅम्डामध्ये ठेवा. लॅम्डा १ म्हणजे नेमकं हवं तेवढं पेट्रोल, आकडा कमी म्हणजे मिश्रण दाट. पंपावर आज ई-२० असो वा उद्या आणखी काही, लॅम्डाचा अर्थ बदलत नाही. बूस्टवर ०.८० ते ०.८३ ठेवा. ०.९० दिसलं की पाय उचला.

तेल आणि ठिणगी

टर्बोला तेल ऑइल प्रेशर स्विचच्या भोकातून टी काढून द्या. परतीची नळी आतून किमान १६ मिमी, सलग उताराची, आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. ती कुठे खोलगट झाली तर तेल टर्बोत साचतं, सीलमधून गळतं आणि निळा धूर येतो. मग लोक टर्बो खराब म्हणून बदलत बसतात. क्रँककेसच्या श्वासनळीला आणि ब्रेक बूस्टर असेल तर त्याच्या नळीलाही एकेरी झडप लावा, बूस्ट तिकडे जाता कामा नये.

इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बूस्टच्या दर पीएसआयला एक ते सव्वा अंश मागे घ्या, म्हणजे पूर्ण बूस्टवर पाच अंशांच्या आसपास. प्लग एक पायरी थंड घाला. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे ६ चा असेल तर ७ चा. फट ०.६ ते ०.७ मिमी.

पहिला स्टार्ट आणि नॉकिंग ऐकायचं कसं

प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून स्टार्टर मारा आणि परतीच्या नळीतून तेल येताना डोळ्यांनी बघा. मगच इंजिन सुरू करा. पहिले काही दिवस बूस्टशिवाय, वेस्टगेट तारेने उघडं बांधून चालवा. गळती, तापमान आणि लॅम्डा स्थिर झाले की वेस्टगेट मोकळं करा.

नॉकिंग कानाने पकडायचं साधन घरी होतं. आठ मिमीची हातभर तांब्याची नळी घ्या, एक टोक ठोकून चपटं करा, त्यात भोक पाडून ब्लॉकच्या एखाद्या बोल्टखाली आवळा. दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती कारखान्यात कानावर घालतात त्या इअरमफच्या कपात सोडा. हे कानाला लावून शेजारच्या सीटवर एकाने बसायचं. इंजिनाची घरघर सलग ऐकू येते. नॉकिंग आलं की पत्र्याच्या डब्यात खडे हलल्यासारखा कोरडा कडकडाट येतो आणि त्या क्षणी ड्रायव्हरने पाय उचलायचा.

नंतर प्लग काढून भिंगाखाली पांढऱ्या चिनी मातीवर बघा. त्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ती नॉकिंगची खूण, आणि चमकणारे बारीक चंदेरी कण दिसले तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे. टायमिंग आणखी दोन अंश मागे घ्या, बूस्ट वाढवायचा विषय सोडून द्या.

"आधी कॉम्प्रेशन कमी करा, असं मेकॅनिक म्हणतो"

हिशेब मांडून बघू. एका सिलिंडरचे २६५ सीसी. कॉम्प्रेशन ८.७ असेल तर वरच्या चेंबरमध्ये सुमारे साडेचौतीस सीसी जागा. ते ८ वर आणायचं तर आणखी साडेतीन सीसी, म्हणजे ६८.५ मिमी बोअरला हेड गॅस्केट जवळजवळ एक मिमीने जाड. त्याने पिस्टन आणि हेडच्या कडांमधली अरुंद फट मोठी होते, तिथलं मिश्रण ढवळलं जात नाही आणि नॉकिंग उलट लवकर होऊ शकतं. हेड वर उचललं गेल्याने कॅमचं टायमिंगही थोडं सरकतं. ०.३ बारला या खटाटोपाची गरज नाही. ज्यांना ०.७ हवंय त्यांनी वेगळे पिस्टन करावेत, दोन गॅस्केट एकावर एक ठेवू नयेत.

"क्लच, गिअर, ब्रेक टिकतील?"

०.३ बारवर चांगला नवा मूळ क्लच चालतो. गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये पूर्ण बूस्ट दिला नाही तर टिकतो. ब्रेकची गोष्ट वेगळी. १२ इंची चाकांवर आणि साडेसहाशे किलोच्या गाडीत वेग वाढवायच्या आधी नवे डिस्क, पॅड, मागचे लायनर, व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या, सगळे ब्रेक होज आणि ताजं ब्रेक ऑइल, हे सगळं झालेलं हवं. टर्बोच्या आधी, नंतर नाही.

"मायलेज वाढेल ना?"

नाही. बूस्टवर मिश्रण मुद्दाम दाट ठेवलेलं असतं. हळू चालवली तर पूर्वीइतकं मिळेल.

"आरटीओत नोंद करून घेता येईल का?"

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजीसारखी मान्यताप्राप्त किट असते, घरगुती टर्बोची नसते. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. म्हणून ही गाडी स्वतःच्या खाजगी जागेत, शेतातल्या मोकळ्या पट्टीवर किंवा बंदिस्त ट्रॅकवर परवानगीने चालवायची आणि तिथवर ट्रकवर न्यायची.

आणखी एक हिशेब मालकांच्या लक्षात येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पहिल्या ८०० गाड्या डिसेंबर २०३३ मध्ये त्या वयाला पोचतील. तुमच्या शेडमध्ये १९८३-८५ ची चौकोनी तोंडाची गाडी असेल तर तिला टर्बोसाठी हातही लावू नका, तिची नुसती दुरुस्ती करा. नंतरच्या गाडीवर काम करणार असाल तरी बॉडीला एकही भोक पाडू नका, आहेत त्याच बोल्टांवर ब्रॅकेट करा. काढलेला मॅनिफोल्ड, एअर फिल्टरचा डबा, मूळ ईसीयू आणि हार्नेस यांना चिठ्ठ्या लावून, ऑइलचा हात फिरवून, उंदीर शिरणार नाहीत अशा पत्र्याच्या पेटीत ठेवून द्या.